अकपेनेकडून नऊदा हार

इबादानच्या क्लबात मोरेनिकेच्या निवृत्तीचा समारंभ होता. रेडिओवरच्या बांजीने माइक हातात घेऊन तिची कारकीर्द वाचायला घेतली. पंधरा वर्षं व्यावसायिक टेनिस, जागतिक क्रमवारीत तीनशे बारापर्यंत मजल, चार स्पर्धांची विजेती. टाळ्या पडल्या आणि बांजीने कागदाची घडी घातली.

"हरलेले सामने कुठे गेले?" मोरेनिकेने खुर्चीतूनच विचारलं.

"आंटी, आजच्या दिवशी ते कशाला?"

"जिंकलेल्यांपेक्षा जास्त आहेत म्हणून! आण इकडे."

तिने माइकच काढून घेतला. "लोमेची अकपेने. नऊदा गाठ पडली, नऊदा हरले."

लोक हसले. दोन सीमा ओलांडून खास आलेली अकपेने पहिल्या रांगेत ओंजळीत तोंड लपवून हसत होती.

मग मोरेनिकेने कोतोनूच्या स्पर्धेची हकिकत सांगितली. तिथे उपांत्य फेरीच्या तोंडावर तिला मलेरियाने गाठलं. परकं गाव, फ्रेंचचा गंध नाही, जवळ कुणी नाही. सामना होता अकपेनेशी. मोरेनिके उतरली नसती, तर अकपेने न खेळताच अंतिम फेरीत गेली असती. पण तिनेच मोरेनिकेला दवाखान्यात नेलं, डॉक्टर येईना तेव्हा आरडाओरडा केला, उशाशी बसून मक्याची पेज पाजली. वर आयोजकांच्या मागे लागून सामना पुढे ढकलून घेतला.

"आणि मग?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग मला सहा-दोन, सहा-एक असं धुतलं!" हशा ओसरेपर्यंत ती थांबली. "माझ्या नावापुढे तिथे नुसतं 'पराभूत' लिहिलंय. मी तर त्या स्पर्धेतून जिवंत परत आले."

उन्हं उतरल्यावर दोघी गमतीखातर एक सेट खेळल्या. अकपेनेने तोही घेतला.

"आज तरी सोडायचास की गं, मेले!"

"सोडला असता तर जन्मभर बोलली नसतीस माझ्याशी."

मोरेनिकेला ते कबूल करावंच लागलं.

घरी मोरेनिकेच्या आईने अमाला, म्हणजे कोनफळाच्या पिठाचे मऊ गोळे, आणि मटणाचा रस्सा वाढला. सगळ्यात मोठा तुकडा अकपेनेच्या ताटात पडला.

"मा, आणि मला?"

"तू थांब जरा," आई म्हणाली. तिने अकपेनेचे दोन्ही हात हातात घेतले. "कोतोनूत हिला पेज पाजलीस ना," ती म्हणाली आणि दुसरा तुकडाही तिच्याच ताटात वाढला.