धाकट्यानं पातं उचललं नाही

धाकटा साठीला आला होता, डोक्यावर केस औषधापुरते उरले होते, तरी कुणी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. नाव ताईनं दिलेलं. आई गेली तेव्हा हा रांगत होता. ताईनं त्याला कडेवर घेतलं ते घेतलंच, आणि त्या गडबडीत तिचं स्वतःचं लग्नबिग्न राहून गेलं.

धाकटा रस्त्याकडेचं गवत कापायचा. ट्रॅक्टरच्या बाजूला एक लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला फिरतं पातं. दांडी ओढली की पातं वर, ढकलली की खाली. एवढ्या एका दांडीवर त्याची सगळी नोकरी झाली.

ताईच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे झाडी सुरू होते तिथे, दरवर्षी गुलाबी रानफुलं यायची. फूल तसं साधंच. पाकळ्या पाच, पण प्रत्येक मधोमध चिरलेली, त्यामुळे दहा वाटायच्या. तोडलं की लगेच मान टाकणार, त्यामुळे पेल्यात ठेवायची सोय नाही. बघायचं तर आपणच त्याच्याकडे जायचं. ताई आयुष्यभर जात आली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिची खाट खिडकीशी आली, आणि फुलांची राखण धाकट्याकडे आली. बी पडेपर्यंत तो तिथे पातं उचलून पुढे जायचा. साहेबही काणाडोळा करायचे.

यंदा फुलं ऐन भरात असताना ताईला अंघोळ घालायला नर्सबाई आल्या. धाकटा कामावर निघण्याआधी तिथेच चहा पीत होता. ताई रंगात आली.

"आठ वर्षांचा झाला तरी याच्या गादीवर रबर घालावं लागायचं हो. आणि आता बघा, केवढं मशीन चालवतो."

नर्सबाई हसल्या. धाकटाही हसला, पण आतून त्याला मिरच्या झोंबल्या. साठीला आलेल्या माणसाची अशी अब्रू काढायची? धुमसतच तो ट्रॅक्टरवर चढला. फुलांपाशी आला, सवयीनं हात दांडीवर गेला, आणि त्यानं ती ओढली नाही. नर्सबाईंनी तेव्हा ताईला धरून न्हाणीत नेलं होतं.

राग फुलांच्या आधी संपला असता तर बरं झालं असतं. तो संपला नंतर. मागे वळून पाहिलं तर नुसता हिरवा-गुलाबी चोथा पडलेला.

संध्याकाळी ताईनं एवढंच विचारलं, "कुणी केलं रे?"

"लंबू असेल. तोही आज याच रस्त्याला होता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. लंबू म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरवरचा त्याचा जोडीदार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या दिवशी दोघं खिडकीखालून जात होते, तेव्हा ताईनं लंबूला थांबवून असं झापलं की शेजारची दारं उघडली.

"डोळे आहेत की भोकं? आंधळ्यालासुद्धा कळलं असतं तिथे काय आहे ते."

लंबूनं टोपी काढली. एकदा धाकट्याकडे पाहिलं. धाकटा टायरमधली हवा बघण्यात गढून गेला होता.

"चुकलं, ताई," लंबू म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी लंबू रानातून मुळांसकट रोपं खणून घमेल्यात घालून घेऊन आला आणि पलीकडे बसून एकेक लावायला लागला. खिडकीतून बघता बघता ताईचा राग निवला.

"चूक करून भरून देणारी माणसं कमीच," ती धाकट्याला म्हणाली. "तरी तुझी सर नाही कुणाला. तुझा हात कधी तिथे खाली आला नाही."

धाकटा चहाचा कप तसाच ठेवून रस्ता ओलांडून गेला.

"तू चुकलं कशाला म्हणालास? तू तर पुलापलीकडे होतास."

"होतो ना," माती दाबत लंबू म्हणाला.

"मग?"

"मी नालायक ठरलो तर त्यांचं काय बिघडलं? गवत कापणारे पुष्कळ मिळतील. भाऊ दुसरा कुठून आणतील या वयात?"

आवाजात राग नव्हता. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर धाकट्याला परवडलं असतं. मेल्याहून मेल्यासारखा होऊन तो परत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"ताई, फुलं मी कापली. तू नर्सबाईंना गादीचं सांगितलंस, त्याचा राग आला."

पलीकडे लंबू रोपांना पाणी घालत होता. ताईचे डोळे भरले. फुलं गेली तेव्हाही ते भरले नव्हते.

"मला म्हणायचं होतंस, नको सांगू म्हणून. नसतं सांगितलं."

"चुकलं."

"त्याला आत बोलाव. मी त्याला नाही नाही ते बोलले. खरं तर माफी मागायला मीच जायला हवं, पण मला उठता येत नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुझे तर पाय धड आहेत. तू इतके दिवस काय करत होतास?"