हुकूम माझा, आवाज त्याचा

"घरात कोणी फौजेत होतं का?" मेजरने विचारलं.

"नाही."

"वडील काय करतात?"

"रिटायर झाले. कागदाच्या कारखान्यात होते."

"ऑफिसर?"

"नाही. लगदा विभागात. कामगार."

"आणि आडनाव पूर्ण सांग. अर्जात नुसतं पहिलं अक्षर लिहिलंयस."

मी सांगितलं. दोन सेकंद कोणी बोललं नाही. ही दोन सेकंदं मला पाठ आहेत. शाळेत नव्या बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा, सिंधीपुरा मोहल्ल्यात भाड्याची खोली बघत फिरले तेव्हा, नोकरीच्या मुलाखतीत. आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात आमची जात आपल्या खणात जाऊन बसते. तिला तेवढाच वेळ लागतो. मग मेजर म्हणाला, "अच्छा."

मागून कोणीतरी बोललं, "भाई, इथे कोटा नाही हं."

अठ्ठावीस जण ऐकत होते. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. त्यांच्या नाही, माझ्या.

हे सगळं एका खेळात झालं. ऑनलाइन युद्धाचा खेळ. कॉम्प्युटरवर प्रत्येकजण एकेक सैनिक होतो, रेडिओवर बोलतो, हुकूम घेतो. एकदा गोळी लागली की त्या दिवसापुरता बाहेर. आमची पलटण मराठी मुलांची होती. पुणे, नाशिक, औरंगाबाद आणि आमच्यासारखे दोघे-चौघे मध्य प्रदेशातले. दर रविवारी दुपारी तीनला मोहीम. तीन तुकड्या, प्रत्येकीला एक कमांडर आणि एक दुय्यम. सगळ्यांच्या वर मेजर. तो पुण्याचा. त्याचे आजोबा खरोखर सैन्यात अधिकारी होते, आणि नातवाने ती मेजरकी घरच्या दागिन्यासारखी अंगावर घातली होती. स्वतः तो कधी फौजेच्या दारातही गेला नव्हता. तरी त्याला सगळे साहेब म्हणत. मीही म्हणायचे.

मी बहादरपूरच्या एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सिंधीपुऱ्यात एका खोलीत राहते. खाली पॉवरलूम आहेत. दिवसभर खटखट, खटखट. सवय झाली की कानाला ऐकू येत नाही, पण माइकला येतं. पहिल्याच रविवारी मेजर म्हणाला होता, "हा कसला आवाज? कोणी कारखान्यातून बोलतंय का?" तेव्हापासून मी माइकवर रुमाल गुंडाळायचे. बोलायचं तेवढंच बोलायचे.

पण एका गोष्टीत मी गप्प बसले नाही.

आमचे बाबा कागद कारखान्यात एकतीस वर्षं होते. लगद्याचं मोठं भांडं असतं, आत पाती फिरतात, वरून रद्दी पडते. पाळी बदलताना तिथे चार्ज देतात. जाणारा माणूस मोठ्याने सांगतो: दोन नंबरची मोटर बंद, झडप उघडी, आत माणूस आहे. येणाऱ्याने ते शब्दन् शब्द परत म्हणायचं. तो म्हणेपर्यंत जाणाऱ्याने मोटरच्या खटक्यावरचा हात काढायचा नाही. घरी जायची कितीही घाई असो. बाबांच्या आधी एकाने नुसतं "हो, हो" केलं होतं आणि खटका दाबला. आतल्या माणसाचा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून "हो, हो" तिथे शिवी झाली. बाबा घरातही तसंच वागायचे. मला दुकानात पाठवताना म्हणायचे, "परत म्हन." पाव किलो साखर आणि काडीपेटी, तेही मला परत म्हणायला लागायचं. लहानपणी भयंकर राग यायचा.

मी तुकडीची दुय्यम झाले तेव्हा हीच पद्धत लावली. पलटणीत सगळे हुकुमाला "कॉपी" म्हणून मोकळे व्हायचे. मी म्हटलं, कॉपी चालणार नाही, काय कळलं ते परत म्हणा. पोरं चिडली. नीलेश नावाचा धूलकोटचा मुलगा होता, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तो म्हणाला, "ताई, ये क्या स्कूल है क्या? हाताची घडी तोंडावर बोट बी करा म्हनशील." पण त्याने परत म्हटलं. हळूहळू सगळ्यांनी म्हटलं.

मग ती पुलाची मोहीम आली. मेजरने सांगितलं, पुलावर जा. नकाशावर पूल दोन होते. बाकीच्या दोन तुकड्या "कॉपी" म्हणाल्या आणि एकेका पुलावर गेल्या. आमच्यात नीलेश हुकूम परत म्हणताना अडकला. "कोणता पूल, ताई?" मी विचारलं, मेजर चिडला, पण सांगितलं. आम्ही बरोबर पुलावर पोचलो. चुकीच्या पुलावर गेलेली तुकडी चार मिनिटांत साफ झाली. त्या दिवशी आमच्या नऊ जणांनी मोहीम जिंकून दिली. आमचा कमांडर तर पहिल्या पाच मिनिटांतच मेला होता. पुढचा सगळा वेळ हुकूम माझे होते.

पंधरा दिवसांनी तोच कमांडर नोकरीच्या गडबडीत पलटण सोडून गेला. जागा रिकामी झाली. मी अर्ज केला. मला ती जागा हवी होती, हे लपवून काय करू? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं की एखादी गोष्ट मला येते आणि ती सगळ्यांनी पाहिली आहे. आमच्यात मुलाखत सगळ्यांसमोर घ्यायची रीत होती, म्हणजे अर्जदार बोलणार आणि पलटण ऐकणार. त्या मुलाखतीत काय झालं ते वर सांगितलंच. पुलाबद्दल एकही प्रश्न आला नाही. परत म्हणण्याच्या पद्धतीबद्दल नाही. शेवटी मेजर म्हणाला, "तू दुय्यमच बरी आहेस. कमांडरच्या आवाजात एक वजन लागतं."

जागा शंतनूला मिळाली. पलटणीत येऊन त्याला तीन महिने झाले होते. त्याचे काका निवृत्त कॅप्टन होते, आणि त्याचा माइक चांगला होता.

आठवड्यात नवा नियम लागला. यापुढे प्रत्येक हुकूम परत म्हणायचा. खाली मेजरची सही. माझं नाव कुठेही नाही. वर मला निरोप आला की सगळ्या तुकड्यांना हे तू शिकव. मी शिकवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो काय असतो ते मला पुस्तकात वाचून माहीत होतं, आता तो दर रविवारी तीन वाजता भेटू लागला.

शंतनू वाईट मुलगा नव्हता. नुसता घाबरट होता. पहिल्याच रविवारी त्याने मला खाजगी चॅनल उघडायला लावलं, म्हणजे माझं बोलणं फक्त त्याच्या कानात जाईल असं. "तू मला सांगत राहा ना, मी पुढे बोलतो. टीमवर्क आहे." मी कबूल झाले. म्हटलं, मोहीम तर जिंकू. मी कानात सांगायची, "डावीकडून तिघे पाठव." तो वजनदार आवाजात म्हणायचा, "डावीकडून तिघे." पोरं परत म्हणायची. दोन रविवार आम्ही जिंकलो. मेजर म्हणाला, "शंतनू, क्लास. रक्तातच असावं लागतं." मी ऐकलं. माइकवर रुमाल होताच, तोंडावरही होता म्हणा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात माझाच.

तिसऱ्या रविवारी बाबा आले होते. डोळे दाखवायला शहरात यावं लागतं, म्हणून आदल्या दिवशीच आले. मोहीम सुरू झाली, ते खाटेवर बसून बघत होते. त्यांना खेळ कळत नव्हता. पण माणूस काम कसं करतो ते त्यांना बरोबर कळतं. मी स्पीकर लावला होता. माझं बोलणं त्यांना खोलीत ऐकू येत होतं, आणि लगेच तेच स्पीकरमधून शंतनूच्या आवाजात.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू सांगू राह्यली अन् बोलू राह्यला तो?"

"हो."

"मंग चार्ज कोनाकडे हाये?"

मी म्हटलं, "त्याच्याकडे."

बाबा हसले. खुशीत हसले, ते मला जास्त लागलं. "मायं बी असंच व्हतं," ते म्हणाले. "साहेबाचा भाचा आला व्हता. त्याले खटका कुठी हाये तेबी मालूम नव्हतं. मी शिकवलं. तो शिफ्ट इन्चार्ज झाला अन् मी त्याच्या मागं उभा राहून सांगू. काम आपलं, नाव त्याचं. चालते. आपन शिकवलं, हेच लय झालं."

चालते. एकतीस वर्षं. कारखान्यात शेकड्याने माणसं, आणि भांड्याचा आवाज ऐकून आत काय अडकलंय ते सांगणारा हा एकच माणूस. तो निवृत्त झाला तेव्हा ज्या पदावर लागला होता त्याच्या एक पायरी वर होता. आणि तो माझी समजूत घालत होता. मला त्याचा राग आला. खरं सांगते, मेजरचा आला नव्हता एवढा माझ्या बापाचा राग आला. मग दिसलं की खाटेवर तो बसलाय आणि खुर्चीवरही तोच बसलाय. सव्वीस वर्षांचा, माझे कपडे घातलेला.

स्पीकरमधून शंतनूचा आवाज आला. कालव्याच्या काठावर आम्ही अडकलो होतो, पलीकडून गोळीबार चालू होता. "लवकर सांग ना, आता काय?"

मी खाजगी चॅनल बंद केलं. माइकवरचा रुमाल काढला. पूर्ण पलटणीचं चॅनल उघडलं.

"शंतनू मला विचारतोय, आता काय करायचं," मी म्हटलं. "गेले तीन रविवार तो विचारतो, मी सांगते आणि तो बोलतो. तुम्ही ज्याचे हुकूम घेताय ते माझे आहेत. परत म्हणायची पद्धतही माझ्या वडिलांच्या कारखान्यातली आहे. आता मी थेट सांगते. दोघे धूर सोडा, बाकीचे कालव्यात उतरून उजवीकडे चाला. ज्याला माझा हुकूम मान्य आहे त्याने परत म्हणावं."

खालचे लूम माझ्या माइकमधून अठ्ठावीस जणांच्या कानात वाजत होते. वाजू देत म्हटलं.

मेजर ओरडला, "चॅनल सोड."

"नाही सोडणार."

"हा शिस्तभंग आहे."

"मुलाखतीत माझं आडनाव काढलंत, कोट्यावरून हसलात, तेव्हा शिस्त कुठे होती, साहेब?"

नीलेशचा आवाज आला, "दोघे धूर सोडणार, बाकी कालव्यात उतरून उजवीकडे. ताई, मी धूर सोडतो." त्याच्यामागून आणखी एकाने म्हटलं. मग आणखी एक. नऊ जणांपैकी पाच. चौघे गप्प राहिले, त्यांची नावं मी विसरलेले नाही. आम्ही सहा जण कालव्यात उतरलो. धूर पसरला. पलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि स्क्रीन काळी झाली. गोळी लागली नव्हती. मेजरने मला खेळातून बाहेर काढलं होतं.

नंतर त्याचा निरोप आला. "तू चांगली होतीस. थोडा धीर धरायला हवा होतास."

बाबा घाबरले होते. "कामावरून काहाडलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे काम नाही, खेळ आहे. "मंग कशाले तोंड लावलं, बाई? खेळातबी वैर?" मी भाकरी टाकायला उठले. बाबांना मी दोष देत नाही. त्यांच्या पगारावर पाच तोंडं होती, त्यांना चालवून घ्यावं लागलं. पण त्यांचं ते "चालते" मी पुढे चालवणार नाही.

शाळेतल्या मैत्रिणीही हेच म्हणाल्या, खेळच तर आहे. खेळ असेल. पण ती दोन सेकंदं खेळातली नव्हती. ते "अच्छा" खेळातलं नव्हतं. माणूस खेळायला बसला म्हणून जात बाहेर चपलांपाशी ठेवून येत नाही, हे मला पलटणीनेच शिकवलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. जिल्ह्याच्या बैठकीसाठी कॉम्प्युटर शिक्षणावर सादरीकरण करून द्या, बोलायला वरिष्ठ सर जातील, त्यांना सवय आहे. मी म्हटलं, "करते. पण बोलायला मी जाणार. नाहीतर सरांनीच करावं." त्यांनी अजून निर्णय दिलेला नाही. नोकरी जाईल कदाचित. सादरीकरणाची फाइल माझ्याकडे आहे आणि ती मी दिलेली नाही.

पलटणीचा नियम आहे की बाहेर काढलेल्याला महिन्याने पुन्हा अर्ज करता येतो. नीलेश म्हणाला, "छोड ना ताई, आपन आपली अलग पलटण काढू." काढूही. पण या जागेवरचा माझा हक्क हा वेगळा प्रश्न. काल महिना पूर्ण झाला आणि मी अर्ज भरला. कमांडरच्याच जागेसाठी. आडनाव पूर्ण लिहिलं. घराण्याची लष्करी पार्श्वभूमी: नाही. वडिलांचं काम: लगदा विभाग, कामगार. ही जागा का हवी: कारण हे काम मी करत होते आणि तुम्ही ते दुसऱ्याच्या नावावर लावलंत.

ते नाकारतील. मग पुढच्या महिन्यात पुन्हा हाच अर्ज जाईल, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. दर वेळी त्यांना सगळ्यांसमोर मला नाही म्हणावं लागेल आणि कारण सांगावं लागेल. आणि जागा मिळो न मिळो, यापुढे मी कोणाच्या कानात काही सांगणार नाही. खेळात नाही, शाळेत नाही, कुठेही नाही. ज्याला माझी अक्कल हवी त्याने ती माझ्या तोंडून, माझ्या पूर्ण नावाने, चारचौघांत ऐकावी.