कॉलरचं बटण

इस्त्रीखाली तापलेल्या सुती कापडाचा वास आला, की नागपुरातली ती दुपार आठवते. आमचे हे फ्रीस्टाइल कुस्ती सोडून महादेव नावाच्या तरुण पैलवानाचे मॅनेजर झाले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच शर्ट-पँट घालून रिंगजवळ उभे होते. त्यांच्या जाड मानेला कॉलरचं बटण काही केल्या लागलं नव्हतं.

महादेव जिंकत आला होता, तेवढ्यात समोरच्यानं त्याचा खांदा पिरगाळला. पोराचा चेहरा पांढरा पडला, तरी तो हार मानेना. ह्यांनी टॉवेल रिंगमध्ये फेकला आणि कुस्ती थांबवली.

"डरपोक! डरपोक!" लोक ओरडायला लागले.

घरी येताना लाजेनं मी पुढे पुढे चालले. हे पाय ओढत मागून येत होते. दारात पोचल्यावर मी विचारलं, "काहून थांबवली जी?"

"माह्या गुडघ्याच्या वेळी कोणीच थांबवली नाही वं," ते म्हणाले.

महादेवचा खांदा बरा झाला. पुढे तो बरीच वर्षं लढला. मला मात्र आजही वाटतं, त्या दुपारी मी ह्यांच्या बरोबरीनं चालायला हवं होतं.