पावणेतीन मुठी बदाम

माझी धाकटी जाऊ गणितात नापास होऊन शाळा सोडून घरी बसलेली, आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर. तरी घरात केक म्हटला की सगळ्यांना तिच्याच हातचा हवा. माझा जळफळाट व्हायचा, उगाच कशाला लपवू?

नातीच्या वाढदिवसाचा केक मी हट्टाने माझ्याकडे घेतला. दोनशे ग्रॅम बदाम हवे होते आणि वजनकाट्याचा सेल नेमका संपला. पाककृतीच्या पुस्तकातल्या मापांच्या तक्त्यात बदाम एक कप म्हणजे शंभर ग्रॅम लिहिले होते, म्हणून मी दोन कप बदाम मोजून मिक्सरच्या भांड्यात ओतले.

"जाऊबाई, ते शंभर ग्रॅम अख्ख्या बदामांचे की वाटलेल्या पुडीचे?" दारातून तिने विचारले. "कपाला अख्खे वजनात जास्त भरतात हो. केकची वीट व्हायची!"

"माहीत आहे मला!" मी म्हणाले. तक्त्यात बारीक अक्षरांत 'पूड' लिहिलेले होते.

तिने भांड्यातले पावणेतीन मुठी बदाम वाटीत काढून ठेवले. केक झकास झाला, कौतुक माझे झाले आणि ती बया चकार शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा सेल घालून मी गुपचूप ती वाटी तोलली. अख्ख्या बदामांचा एक कप भरला एकशेचाळीस ग्रॅम, म्हणजे दोन कपांत जास्तीचे व्हायला हवे होते ऐंशी ग्रॅम. वाटीतले भरले ऐंशीच.

म्हणे गणितात नापास!