पुढचं चाक दिलीपचं

विनायक गेला. मला अजिबात रडू आलं नाही.

सकाळपासून फेसबुक उघडलं की त्याचेच फोटो. वऱ्हाडची वावटळ. लिजेंड. एकटा भिडणारा योद्धा.

कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. सॉरी, सिस्टर.

तो एकटा नव्हता.

विनायक आणि माझा धाकटा भाऊ दिलीप, दोघं एकाच टीमचे प्रोफेशनल सायकलपटू. त्या मोठ्या रेसचा शेवटचा टप्पा अकोला ते अमरावती. मूर्तिजापूर ओलांडलं आणि विनायकचं पुढचं चाक पंक्चर. टीमची गाडी कुठेतरी मागे अडकलेली.

विनायक टीमचा लीडर. लीडर थांबला तर सोबत्याने आपलं चाक काढून द्यायचं, ही या खेळाची रीत.

दिलीपने दिलं. आपल्या गावात जिंकायची उमेद त्यालाही होती. तरी दिलं.

राजकमल चौकात मी बाबांसोबत हार घेऊन उभी होते. विनायक जिंकला. स्टेजवरून ओरडला, "आज कोणी नव्हतं संगं! एकट्यानं मारली!"

टाळ्याच टाळ्या.

दिलीप तेव्हा एका टेम्पोत मागे बसून येत होता. बिनचाकाची सायकल मांडीवर घेऊन.

जिंकणाऱ्याने चाक देणाऱ्याचं नाव घ्यायचं, हीही रीतच आहे.

पुढे तो परदेशात खेळला, ते स्वतःच्या दमावर. नाकारत नाही. रिटायर होऊन आला आणि साड्यांच्या दुकानापासून डेंटल क्लिनिकपर्यंत फिती कापत सुटला. प्रत्येक भाषणात तीच रेस. दरवेळी एकटाच.

भातकुलीच्या सत्काराला मी त्याला गाठलं. आमच्या घरी वर्षानुवर्षं जेवलेला मुलगा. मला कसली भीड?

"काय रे, दिलीपचं नाव घेताना जीभ जड होते?"

"सुधाताई, लोकायले एकच नाव ध्यानात राह्यते."

"लोकांचं सोड. तुझ्या ध्यानात आहे ना?"

हसला, आणि सेल्फीला वळला.

मला वाटायचं, कधीतरी म्हणेल. आता म्हणणाराच उरला नाही.

आज अंत्यदर्शनाच्या फोटोत पाहिलं, त्या रेसची तीच सायकल त्याच्या शेजारी उभी केली होती, हार घालून. पुढचं चाक अजून दिलीपचंच. मागच्याशी न जुळणारं, कुणालाही दिसेल असं.

मी गेले नाही. दिलीप गेला.

परत आला तेव्हा हात काळे.

"हे काय?"

"चाक बसलं होतं ना, ताई. पंप मागून हवा भरली."

"अरे वेड्या, काढून आणायचं! तुझं आहे ते!"

"बसलेल्या चाकावर कसा धाडू त्याले?"

आणि मी चहा ठेवायच्या आत लहान पोरासारखा रडायला लागला.

विनायक, भावपूर्ण श्रद्धांजली तुला दिलीपने वाहिली आहे. माझी नुसतीच श्रद्धांजली घे.

आणि वर कुणी विचारलं, चाक कुणाचं, तर या वेळी तरी नीट सांग.