उपसरपंच निवडताना

सरपंचपदाची सोडत निघाली आणि आमच्या गावची जागा बाईसाठी राखीव झाली. संध्याकाळी मोठे दीर घरी आले नि ओट्यावर बसून नवऱ्याला म्हणाले, "तिचा फॉर्म भरू." मी आत कणीक मळत होते. ते माझ्याशी थेट कधी बोलत नसत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जे सांगायचं ते नवऱ्याकरवी.

मग आमच्याच पडवीत रोज बैठका सुरू झाल्या. यवतहून, केडगावहून पाव्हणे येत. सरपंच थेट लोकांच्या मतांवर निवडून येणार होता, पण उपसरपंच कोण होणार हे आधीच गावात सांगावं लागतं. तसं केलं नाही तर गावाबाहेरच्या माळवाडी वस्तीची मतं आपल्याकडं येत नाहीत. बैठकीत दोन-तीन पुरुषांची नावं निघाली. एकाचा गोतावळा मोठा होता, तर दुसरा नाराज झाला तर मतं फोडेल अशी भीती होती. मी चहा घेऊन बाहेर आले आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले.

"माझ्याबरोबर कोण बसणार, ते मला तरी विचारा," मी म्हणाले.

दिरांनी नवऱ्याकडं बघितलं. "विचार तिला, कोण पाहिजे."

माझ्या डोक्यात एकच बाई होती. ती माळवाडीची, शेवंती आणि झेंडू पिकवणारी. आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलो. तिची फुलं आणि माझी मेथी-कोथिंबीर एकाच टेम्पोतून पुण्याच्या मार्केट यार्डात जायची, आणि आम्ही मागं क्रेटांच्या मधल्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. सासरचं, माहेरचं, दुखण्याखुपण्याचं, सगळं तिथं बोलून व्हायचं. या गावात मला 'अगं' म्हणणारी तेवढी एकच होती. वाडीत भांडण झालं की बायका आधी तिच्या दारात जायच्या, हेही मी बघितलं होतं.

नाव ऐकून पाव्हणे हसले. मग एकानं वाडीत तिच्या भावकीची किती घरं आहेत ते मनाशी जुळवलं, आणि हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिच्या मळ्यात गेले. ती फुलं तोडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"तुला मी पायजे, का माझ्या वाडीची मतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"दोन्ही," मी म्हणाले.

तिनं धरलेली ओळ तोडून संपवली. मग कमरेची ओटी क्रेटमध्ये रिकामी केली. "उभी ऱ्हाते. पण तुझ्या दिराला माझ्या दारात पाठवायचं न्हाई. आन् मला पटलं न्हाई तर मिटिंगमधी तुझ्या तोंडावर बोलंन."

"बोल की."

"आता बोल म्हणतीस," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत गेली.

आम्ही दोघीही निवडून आलो, मी सरपंच आणि ती वाडीची सदस्य; पुढं ठरल्याप्रमाणं सदस्यांनी तिलाच उपसरपंच केलं. गुलाल पडला, डीजे वाजला. दिरांनी आणलेला हार नवऱ्यानं माझ्या गळ्यात घातला. त्या गर्दीत ती वाडीतल्या बायकांबरोबर उभी होती. मी हात केला. तिनं मान हलवली.

कामकाज सुरू झाल्यावर पहिला वाद झाला तो दिरांच्या पोल्ट्रीकडं जाणाऱ्या रस्त्यावरून. त्यांना तो आधी हवा होता. ती उठून म्हणाली, "सरपंच मॅडम, वाडीला प्यायला पाणी न्हाई. पाइपलाइन आधी." तिचं 'मॅडम' मला जास्त लागलं. पण म्हणणं खरं होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी तिच्या बाजूनं केला, आणि पाइपलाइन मंजूर झाली.

त्या दिवसापासून दिरांनी आमच्या घरी येणं सोडलं. नवरा जेवतो आणि मोबाइल बघत बसतो. "तुला काय कमी होतं?" एवढंच एकदा म्हणाला.

मला वाटलं होतं, ती तरी येईल. शेवटी ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर मीच तिला गाठलं.

"अगं, चहाला तरी ये."

"तुमच्याकडं चहाला आले तर वाडी म्हणंल, बाई विकली गेली," ती हळू म्हणाली. "माझं काम हाय ते मी करते. तुम्ही तुमचं करा." डोळे भरले होते तिचे, पण ती थांबली नाही.

वाडीत आता घरोघरी नळ आहेत. गाव म्हणतं, जोडी चांगली जमली. खरंच आहे ते. तिच्याहून चांगला उपसरपंच मला मिळाला नसता.

यंदा मीही थोडी शेवंती लावली आहे. तोडायला गावातल्या बायका येतात. सकाळी लांबून त्यांच्या गप्पा ऐकू येतात, हसणं ऐकू येतं. मी ओटी बांधून ओळीत शिरले की त्या सरळ उभ्या राहतात, डोक्यावरचा पदर नीट करतात आणि गप्प होतात.