गिटारीला सायकलचा ब्रेक

राज्यं भाषावार वाटली गेली तेव्हा मी हैदराबादला कारकून होतो. आमच्यासारख्या मराठी मुलखातल्यांच्या बदल्या आपापल्या जिल्ह्यात झाल्या आणि मी तुळजापूरच्या कचेरीत आलो. सामानात एक वळकटी, एक ट्रंक आणि विजेवरची गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तिची वायर रेडिओला मागून जोडली की आवाज रेडिओतून निघे. सुरुवातीला गल्लीतली माणसं माझ्याकडं पाठ करून रेडिओसमोर बसत.

लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हा घाटाच्या उतारावर शेळी आडवी आली आणि मी सायकलवरून पडलो. डावं मनगट अंगाखाली सापडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कांडी सरळ धरता यायची, तिरकी करता येईना. आणि ती तिरकी केल्याशिवाय दोन तारांचे हवे ते सूर एका वेळी निघत नाहीत. मग मी गाण्याच्या मध्येच थांबून एका तारेची खुंटी पिळायचो, पुढची ओळ वाजवायचो, पुन्हा थांबून खुंटी उतरवायचो. ज्या मंडळींबरोबर लग्नाकार्यात वाजवत होतो त्यांनी बोलावणं बंद केलं.

बायको ईट गावची, शेतकऱ्याच्या घरातली. वर्षभरात गिटारीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. एके संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "सारकं सारकं तिचं कान पिळता, त्यापरीस खालून तार वढली तर?"

"कुणी ओढायची? माझे दोन्ही हात गुंतलेले असतात."

"गुडघं मोकळंच हायती की."

मला हसू आलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून घरी आलो तर दारातच जळक्या लाकडाचा वास आला. आई ओट्यावर बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्या नगं म्हणलं व्हतं."

आत गेलो. गिटार पाटावर पालथी पडली होती. बायकोच्या हातात चिमट्यात धरलेली तापलेली सळई होती आणि ती सळई गिटारीच्या अंगात आरपार गेली होती. धूर निघत होता. भिंतीशी सासऱ्यांनी लग्नात दिलेली सायकल उभी होती, तिचे ब्रेक आणि त्यांच्या तारा गायब.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. हैदराबादेत दोन वर्षं एक वेळ जेवून मी ती गिटार घेतली होती.

"झालंच बगा," ती म्हणाली. "एवढं भोक थंड हू द्या."

मी भिंतीला टेकून बसलो. गिटार सुलटी करून, पाटाच्या आणि तिच्या भोकातून ब्रेकची तार वर घेऊन तिनं ती, तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या मागं, गिटारीच्या एका तारेला अडकवली. पाट दोन स्टुलांवर ठेवला. खाली ब्रेकची मूठ लोंबत होती.

"आता मूठ गुडघ्यानं रेटा," ती म्हणाली.

मी रेटली. रेडिओतून अशी किंकाळी निघाली की आई आत धावत आली. दुसऱ्यांदा रेटली तेव्हा गिटारीची तार तुटली आणि सटकन बायकोच्या गालावर बसली. डोळ्याच्या अगदी खाली रक्ताची बारीक रेघ उमटली. तिनं पदर लावला. मी पदर बाजूला करून पाहिलं.

"डोळा गेला असता तुझा."

"न्हाय गेला. मूठ लई लांब जाती, तिला आडकाठी पायजे."

आता मात्र मी उठलो. पाटाच्या खालच्या अंगाला एक स्क्रू असा बसवला की मूठ तेवढ्यावरच अडावी. पेटीत होती ती नवी तार चढवली. स्क्रू आत घे, बाहेर घे, यात दिवेलागण झाली. मग कांडी सरळ धरून तीन तारा छेडल्या आणि गुडघा हलवला.

दोन तारा जागच्या जागी वाजत राहिल्या आणि त्यांच्यामधून एकटी तिसरी वर चढली. मी हात उचलला. धड मनगट असतानाही मला हे कधी जमलं नव्हतं; कांडी सरकवली की सगळ्याच तारा सरकतात. हैदराबादेत ज्यांच्याकडं शिकलो त्यांच्या हातूनही असा आवाज मी ऐकला नव्हता. आपल्या घरात दुसरंच कुणी वाजवतंय असं वाटलं.

"बिघडली व्हय?" बायकोनं विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "आनिक एकदा वाजव रं."

दुसरा ब्रेक दुसऱ्या तारेला लावला. त्या वर्षी गणपतीत चौकात वाजवलं. आता गाण्याच्या मध्येच थांबून खुंट्या पिळायच्या नव्हत्या, ओळीमागून ओळ सरळ. पहिलं गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, कार्यक्रम पडला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तेच परत हू द्या," आणि तेच गाणं मी तीनदा वाजवलं.

कार्यक्रमानंतर सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पाटाखाली वाकून बघत राहिला.

"कुठं करून घेतलंत?"

"घरी. हिनं केलंय."

त्यानं बायकोकडं पाहिलं. तिच्या कडेवर शेजारणीचं पोर होतं.

"माझ्या गिटारीला कराल का, वहिनी?"

"करू की," ती म्हणाली. "पर भोक पाडताना तुमी भाईर बसायचं."

तो तसाच परत गेला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी सोलापूरहून पहिल्या एसटीनं तो आमच्या दारात आला. काखेत गिटार होती आणि पिशवीत सायकलचे तीन ब्रेक.